चार मेंढ्यांची रंगपेटी

शिरूरहून न्हावऱ्यामार्गे चौफुल्याकडे जाणारा रस्ता भीमा ओलांडून दौंड तालुक्यात उतरतो. दोन्ही अंगांना ऊस, कांदा, मधूनच एखादी डाळिंबाची बाग. पाऊस जेमतेम 500 मिलिमीटरच्या आसपास; कालव्याचे पाणी पोहोचले तिथे हिरवे, नाही पोहोचले तिथे माळ. पीक निघालेल्या एखाद्या रानात धनगरांचा वाडा उतरलेला असतो आणि शेतकऱ्याने खतासाठी मेंढ्या बसवलेल्या असतात. रस्त्यावरून पाहणाऱ्याला तो सगळा कळप काळा दिसतो. जवळ गेले की त्यातली एक मेंढी कोळशासारखी निघते, दुसरी खैरी, तिसरी करडी, चौथीच्या पोटाखाली पांढरे. काळ्या मेंढीचीही लोकर बोटांनी फाकवून पाहावी: मुळाशी गडद काळी आणि शेंड्याला उन्हाने तांबूस झालेली.

दख्खनी मेंढीची ही लोकर जाडीभरडी असते. तिचा तंतू सरासरी 40 मायक्रॉनच्या पुढे जातो, तर मेरिनोचा 17 ते 24 मायक्रॉनच्या दरम्यान असतो. त्यामुळे स्वेटरच्या बाजारात तिला कुणी विचारत नाही. हीच लोकर वर्षातून दोनदा कातरली जाते, पिंजून कातली जाते आणि मागावर चढून तिची घोंगडी होते. 1885 साली छापलेल्या पुणे जिल्ह्याच्या गॅझेटियरमध्ये लोकर विणणाऱ्या सनगरांची आणि धनगरांची नोंद आहे. दौंड तेव्हा भीमथडी तालुक्यात मोडत असे. घोंगडी पांघरण्यासाठी, अंथरण्यासाठी, खोळ करून पावसात डोक्यावर घेण्यासाठी आणि देवापुढे घालण्यासाठी वापरली जाई. तिच्याकडे रंगविद्येचा धडा म्हणून मात्र फारसे कुणी पाहिलेले नाही.

तसे पाहायला हवे. हातमागावर नव्याने बसणारा माणूस आधी रंगीत धाग्यांच्या दुकानात शिरतो आणि लाल, हिरवा, पिवळा, जांभळा असे दहा रंग घेऊन बाहेर पडतो. महिनाभराने त्याच्या मागावरून जे उतरते ते बहुधा मळकट असते. धागे सुटे होते तोवर झळाळत होते. विणल्यावर त्यांचे काय झाले हे त्याला कळत नाही. घोंगडी विणणाऱ्याकडे चारच छटा असतात, त्याही मेंढीने दिलेल्या. त्यामुळे कुठली छटा कुणाशेजारी ठेवायची आणि कुठली कुणावरून न्यायची, एवढेच त्याच्या हातात उरते. मागावरचा रंग बहुतांशी इथेच ठरतो. पुढच्या पानांतल्या युक्त्या याच एका गोष्टीभोवती फिरतात.

काळा फिका का दिसतो

पॅरिसच्या गोबेलँ या शाही विणकाम कारखान्यात 1824 साली मिशेल यूजेन शेव्हरल नावाच्या रसायनशास्त्रज्ञाला रंगखात्याचा प्रमुख नेमण्यात आले. तिथे एक तक्रार त्याच्यापर्यंत आली: निळ्या-जांभळ्या वस्त्रांच्या चित्रात सावली दाखवण्यासाठी वापरलेला काळा धागा फिका पडतो, काळ्या रंगातच दोष असावा. शेव्हरलने इतर ठिकाणच्या काळ्या लोकरीशी तुलना करून पाहिली. रंगात काही खोट नव्हती. काळ्याच्या शेजारचा निळा त्याला फिका करत होता. यातून त्याने रंगांच्या परस्पर-विरोधाचा नियम मांडला, 1839 साली त्यावर मोठा ग्रंथ छापला आणि पुढच्या चित्रकारांच्या दोन-तीन पिढ्यांना विचार करायला लावले. हे गृहस्थ 102 वर्षे जगले. रंगांच्या भांडणाचा निवाडा करायला आयुष्यही तेवढेच लागत असावे.

शेव्हरलला प्रयोगशाळेत सापडलेली गोष्ट घोंगडीच्या काठावर रोज दिसते. काळ्या अंगाला पांढऱ्या लोकरीची बारीक रेघ दिली की सगळी घोंगडी अधिक काळी दिसू लागते. त्याच काळ्याला गडद खैऱ्या रंगाचा काठ लावला तर दोन्ही रंग एकमेकांत बुडतात आणि काळ्यातला तांबूसपणा वर येतो. म्हणून घरच्या मागावर काळे पांघरूण विणणाऱ्याने अधिक काळा धागा शोधत बसण्यापेक्षा त्याच्या कडेला चार धागे पांढरे घालून पाहावेत. चार पुरतात. चाळीस घातले की नजर पांढऱ्याकडे जाते आणि काळा नुसती पार्श्वभूमी होऊन बसतो.

रंगाचे नाव आणि रंगाची गडद-फिकी पातळी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे नवख्याला पटायला सगळ्यांत अवघड जाते. विटकरी लाल आणि पानाचा हिरवा हे रंग नावाने एकमेकांपासून दूर असले तरी त्यांची गडद-फिकी पातळी पुष्कळदा सारखीच असते. असे दोन धागे शेजारी ठेवून केलेली नक्षी चार पावलांवरून दिसेनाशी होते. ओळखायची सोपी रीत म्हणजे निवडलेले सगळे धागे एकत्र ठेवून मोबाइलवर कृष्णधवल फोटो काढणे. फोटोत जे धागे वेगळे ओळखू येत नाहीत, ते कापडातही नक्षी उठवणार नाहीत. घोंगडीवाल्याला या फोटोची गरज पडत नाही, कारण त्याची सगळी रंगपेटीच कृष्णधवल आहे.

वर्गवारी उजेडात

रंगाचे काम माग मांडण्याच्या बरेच आधी, कातरलेल्या लोकरीच्या ढिगाशी सुरू होते. तिथे जो आळस करतो त्याचे कापड पुढे कधीच एकसारखे होत नाही. काळी, खैरी, करडी आणि पांढरी लोकर वेगळी करायची, तीही सकाळच्या उन्हाच्या कडेला, सावलीत बसून. ट्यूबलाइटखाली खैरा आणि काळा यांतला फरक पुसला जातो आणि दोन वेगळ्या रंगद्रव्यांचे धागे एकाच छटेचे वाटतात. बाहेर आणल्यावर ते फुटून निघतात. रंगवलेल्या सुताच्या बाबतीत हा धोका अधिकच मोठा. दुकानातल्या दिव्याखाली जुळलेले दोन कोन घरी आणून खिडकीपाशी धरल्याशिवाय पैसे वसूल झाले असे समजू नये.

कोकराची पहिली लोकर, म्हणजे जावळ, नेहमी वेगळी ठेवतात. ती मऊ असते आणि तिची घोंगडी महागही असते. मऊ आणि राठ लोकर एकाच सुतात गेली की रंगही दुभंगतो, कारण बारीक तंतू उजेड एका रीतीने परततो आणि जाड, पोकळ तंतू दुसऱ्या.

मधली छटा हवी असेल तर ती पिंजतानाच करावी. पांढरी आणि काळी लोकर अर्धी-अर्धी घेऊन धनुकलीवर एकत्र पिंजली की करडा मिळतो, पण त्यात जवळून दोन्ही तंतू दिसत राहतात. त्यामुळे तो करडा जिवंत वाटतो. कारखान्यात रंगवलेला सपाट राखाडी त्याच्यापुढे मेलेला दिसतो. मिश्रणात पांढरी लोकर नेहमी अंदाजापेक्षा जास्त लागते. काळी थोडी असली तरी सगळ्यावर चढते. शंभर ग्रॅमचा नमुना तोलून पिंजावा, प्रमाण वहीत लिहावे आणि मगच मोठा घाणा घ्यावा.

एवढे करूनही प्रत्येक कळपाची, प्रत्येक कातरणीची काळी लोकर वेगळी येतेच. एक कांडी संपून दुसरी सुरू झाली की कापडात आडवा पट्टा पडतो. तो टाळण्यासाठी आडवा धागा नेणारे दोन धोटे घ्यावेत, दोन वेगवेगळ्या घाण्यांच्या कांड्या त्यांत भराव्यात आणि दोन ओळी एकाच्या, दोन ओळी दुसऱ्याच्या अशा फेकत जावे. फरक नाहीसा होत नाही. तो सगळ्या कापडभर वाटला जातो आणि डोळ्याला कळेनासा होतो.

ताणा, खळ आणि दाटी

उभे धागे म्हणजे ताणा, आडवे म्हणजे बाणा. ताण्याचे धागे ज्या दोऱ्यांच्या फासांतून ओवून वर-खाली उचलतात ती वही, आणि जिच्या दातांतून ते जातात ती फणी. इचलकरंजीत आजही हे ओवण्याचे काम करणाऱ्याला वहिफणी कामगार म्हणतात. घोंगडीचा ताणा हाताने कातलेल्या केसाळ सुताचा असतो. तसाच मागावर घेतला तर शेजारचे धागे एकमेकांना चिकटतात आणि धोटा जायला वाट उघडत नाही. त्यासाठी चिंचोक्याची खळ.

चिंचोके भाजून टरफल काढायचे, भिजवून वाटायचे आणि पाण्यात शिजवून घट्ट पेजेसारखे करायचे. मोकळ्या जागेत ताणा खुंट्यांवर ताणून त्यावर ही खळ कुंच्याने एकाच दिशेने ओढत नेतात, म्हणजे केस बसतात आणि धाग्याला अंगावर कवच चढते. उन्हात वाळत असतानाच धागे हाताने मोकळे करत राहावे लागते. एकदा वाळून चिकटले की ओढताना तुटतात. चिंचोक्यातला चिकट घटक इतका कामाचा आहे की सूतगिरण्या आणि ताग गिरण्याही तो वापरत आल्या. घरच्या छोट्या मागावर एकपदरी हातसूत वापरायचे असेल, तर गाळून घेतलेली पातळ खळ किंवा तांदळाची पेज पुरते. गाळणे मात्र चुकवू नये. एक खडा दहा धागे कापतो.

आता दाटी, जिला बहुतेक लोक गणिताचा विषय समजून सोडून देतात. खरे तर ती रंगाचीच बाब आहे. फूटपट्टीवर एक इंच जागेत धागा शेजारी-शेजारी गुंडाळावा आणि वेढे मोजावेत. समजा 12 आले. साध्या विणीसाठी त्याच्या निम्मे, म्हणजे इंचाला 6 ताण्याचे धागे घेतले आणि 6 बाण्याच्या ओळी बसवल्या, तर दोन्ही रंग सारखेच दिसतील आणि त्यांचे मिश्रण होईल. ताणा 10 केला तर बाणा झाकला जाईल आणि कापडावर उभ्या रंगाचेच राज्य चालेल. उलट ताणा 3-4 वर आणून बाणा ठोकून बसवला तर उभे धागे गडप होतील आणि आडवा रंग शुद्ध, अमिश्र उतरेल. सतरंजीचे पट्टे इतके ठसठशीत दिसतात ते यामुळेच. तेव्हा मळकट कापडाचा दोष पुष्कळदा रंगनिवडीत नसतो, फणीच्या दातांत असतो.

लाल ताण्यावर हिरवा बाणा साध्या विणीत टाकून पाहावा. जवळून दोन्ही रंग दिसतात, दहा फुटांवरून चिखल दिसतो. परस्परविरोधी रंग बारीक ठिपक्यांनी मिसळले की एकमेकांना मारतात. तेच दोन रंग बोटभर रुंदीच्या पट्ट्यांत शेजारी ठेवले तर एकमेकांना पेटवतात.

पैठणीवाल्यांनी हे कोडे कधीच सोडवले आहे. येवल्याच्या मागावर पदरातला पोपट किंवा कमळ विणताना प्रत्येक रंगाची स्वतंत्र बारीक कांडी असते; ती फक्त आपल्या आकारापुरती जाते, शेजारच्या रंगाच्या धाग्यात अडकवून परत फिरते. कुठलाही रंग दुसऱ्याच्या अंगावरून जात नाही, म्हणून लाल लालच राहतो आणि हिरवा हिरवाच, आणि पदराची मागची बाजूही पुढच्यासारखीच सुबक दिसते. पैठणीच्या अंगात मात्र तेच विणकर उलटे वागतात. तिथे ताणा एका रंगाचा आणि बाणा दुसऱ्या रंगाचा घेऊन धूपछाँव उठवतात: साडी हलली की एकदा जांभळा, एकदा हिरवा. हे जमण्यासाठी रेशीम चमकदार आणि गुळगुळीत हवे, वीण साधी हवी आणि दोन रंगांच्या गडद-फिक्या पातळीत फार अंतर नको. लोकरीत धूपछाँव उठत नाही. केसाळ धागा उजेड विखरून टाकतो. लोकरीत तीच युक्ती केली तर दोन रंगांची कालवाकालव होऊन शेवाळलेल्या दगडासारखा एक शांत रंग मिळतो, आणि तोही कोटाच्या कापडाला फार शोभतो.

दोनच रंग, साधीच वीण

या प्रकरणातला सगळ्यांत मजेचा भाग हा. पावडी दोनच, वीण एक धागा वर एक धागा खाली अशी, रंग काळा आणि पांढरा. ताण्यात एक काळा, एक पांढरा असे धागे लावायचे. आता काळ्या धाग्याची ओळ अशी फेकायची की ती पांढऱ्या ताण्यांच्या वरून आणि काळ्या ताण्यांच्या खालून जाईल. पृष्ठभागावर काय दिसेल? काळ्या ताण्यांच्या जागी काळा ताणा, पांढऱ्या ताण्यांच्या जागी वरून गेलेला काळा बाणा. म्हणजे सगळी ओळ काळी. पुढची ओळ पांढऱ्या धाग्याची. ती काळ्यांच्या वरून जाते आणि सगळी ओळ पांढरी होते. कापडावर आडव्या रेघा उमटल्या.

आता फक्त क्रम उलटा करायचा. काळी ओळ काळ्या ताण्यांच्या वरून आणि पांढऱ्यांच्या खालून न्यायची. काळ्या जागी काळे, पांढऱ्या जागी पांढरे दिसते. पुढच्या पांढऱ्या ओळीतही तेच. रेघा उभ्या झाल्या! धागे तेच, वीण तीच, एका ओळीची अदलाबदल.

या अदलाबदलीवर अख्खी नक्षी उभी राहते. ताण्यात दर दोन इंचांवर एका ठिकाणी दोन काळे धागे लागोपाठ लावून क्रम मोडायचा, बाण्यातही तसेच करायचे. कापडभर उभ्या आणि आडव्या रेघांचे चौकोन पडतात आणि टोपलीच्या विणीसारखा भास होतो. पाहणाऱ्याला वाटते याला बारा पावड्यांचा माग लागला असेल. शिकाऊ माणसाला याचा आणखी एक फायदा: वहीत धागा ओवताना चूक झाली असेल तर दुरंगी ताण्यात ती पहिल्या चार ओळींतच उघडी पडते. एकरंगी ताण्यातली चूक हातभर विणून झाल्यावर कळते, आणि तेव्हा उसवण्याखेरीज इलाज नसतो.

तिरकस विणीच्या मागावर, जिथे धागा दोनांवरून आणि दोनांखालून जातो आणि प्रत्येक ओळीला एक घर सरकतो, तिथे 4 काळे 4 पांढरे असा ताणा आणि तसाच बाणा घेतला की दातेरी टोकांचे ते प्रसिद्ध चौकडे उमटतात. त्यांच्या जवळच्याच नात्यातल्या, स्कॉटलंड-इंग्लंडच्या सीमाभागातल्या काळ्यापांढऱ्या चौकड्याला तिकडे मेंढपाळांचा चौकडा असेच म्हणतात. तिथले मेंढपाळ न रंगवलेल्या गडद आणि फिक्या लोकरीचे ते कापड खांद्यावर टाकत. स्कॉटलंडमधल्या फॉल्कर्क गावी रोमन नाण्यांनी भरलेल्या एका मडक्याबरोबर सापडलेला तिसऱ्या शतकातला कापडाचा तुकडा याच जातीचा आहे: दोन छटांची मेंढ्यांची लोकर, रंग न लावता. तिथल्या मेंढपाळापुढेही मेंढीने दिलेल्याच छटा होत्या. त्याने चौकडा काढला, इकडे पट्टा निघाला.

चारही छटा सोडून एकाच पांढऱ्या लोकरीत नक्षी हवी असेल तर पिळाकडे वळावे. चरखा एका दिशेने फिरवून काही सूत काढायचे, उलट दिशेने फिरवून उरलेले. ताण्यात दोन्ही सुतांचे पट्टे आलटून पालटून लावले की उजेड दोन बाजूंना परततो आणि पांढऱ्यावर पांढऱ्या सावलीचे पट्टे दिसतात. रंगाचा पैसा खर्च झालेला नसतो.

धोटा, काठ आणि केडगाव

दौंड तालुक्यात केडगाव आहे, आणि हातमागाच्या पुस्तकात त्याला टाळून जाता येत नाही. पंडिता रमाबाईंनी 1889 मध्ये मुंबईत शारदा सदन काढले, नंतर ते पुण्याला आणले. 1896-97 च्या दुष्काळात त्यांनी शेकडो मुली-बायकांना वाचवले आणि केडगावला मुक्तीची वसाहत उभी केली. तिथे छपाई, तेलघाणा, शिवण यांबरोबर विणकामही शिकवले जाई. घरच्यांनी टाकलेल्या, लिहावाचायला नुकत्या लागलेल्या बायकांनी हातात धोटा धरायचा, हे त्या काळी सनातन्यांच्या पचनी पडणे कठीणच होते. विणकाम तोवर जातीने आणि बापाकडून मुलाकडे जात असे. घोंगडीच्या धंद्यात तर बायकांच्या वाट्याला कातणे आणि पुरुषांच्या वाट्याला माग, अशी वाटणी पक्की होती.

शिरूरहून घोडनदी ओलांडली की नगर जिल्हा. तिथे विसाव्या शतकाच्या आरंभी अमेरिकन मराठी मिशनचे अभियंते डी. सी. चर्चिल यांनी सुधारलेला हातमाग तयार केला. वेगवान धोट्याची मूळ कल्पना जॉन के या इंग्रज माणसाची, 1733 सालची: दोरी ओढताच धोटा आपोआप पलीकडे धावतो. कापड रुंद झाले, वेग वाढला, पण रंग अडला. हाताने धोटा फेकणारा माणूस हवा तेव्हा दुसरा धोटा उचलतो. धावत्या धोट्याला तशी सवड नसते. त्यावर उपाय म्हणून जॉनचा मुलगा रॉबर्ट के याने 1760 च्या सुमारास खाली-वर सरकणारी धोट्यांची पेटी काढली. एका कप्प्यात लाल, दुसऱ्यात पांढरा. चौकड्याचे कापड तेव्हापासून स्वस्त झाले.

विदर्भातल्या करवतकाठी साडीवाल्यांनी पेटीशिवायच मार्ग काढलेला आहे. तीन धोटे वापरायचे: दोन काठांसाठी, एक अंगासाठी, आणि जिथे भेटतील तिथे धागे एकमेकांत अडकवायचे. म्हणून काठाचा रंग अंगात उतरत नाही आणि मधे करवतीचे दाते उठतात. घरच्या छोट्या मागावर ही युक्ती बरोबर चालते. वेळ जातो, एवढेच.

काठाबद्दल एक सूचना सगळ्यांनाच. नवख्याचे कापड विणता विणता अरुंद होत जाते, कारण तो धोटा टाकला की धागा खेचून घेतो. धागा सरळ ओढू नये. वाटेत तो तिरका, मधे किंचित कमानदार सोडावा आणि मग फणीने ठोकावा. आडव्या धाग्याला उभ्यांच्या खाली-वर वळणे घ्यायची असतात, त्यासाठी त्याला लांबी लागते. शेवटचे दोन-दोन उभे धागे दुपदरी घ्यावेत. रंग बदलताना जुना धागा दर वेळी तोडू नये. पट्टे बोटभरापेक्षा अरुंद असतील तर तो काठाला वेढून वर नेता येतो. रुंद पट्ट्यात मात्र तोडून टोक आत वळवलेले बरे, नाहीतर काठ जाड होतो आणि तिथेच आधी झिजतो.

ताण्याची लांबी ठरवताना नवखा नेहमी कमी धरतो. दोन मीटर तयार कापड हवे असेल तर वळणांत जाणारे साधारण 10 टक्के, धुण्यात आटणारे तेवढेच किंवा अधिक, आणि मागाच्या दोन्ही टोकांना बांधण्यात वाया जाणारे अर्धा मीटर धरून तीन मीटर ताणा लावावा. आटण्याचा आकडा पुस्तकातून घेऊ नये. वीतभर नमुना विणावा, मोजावा, धुवावा, पुन्हा मोजावा. रंगही धुतल्यावरच पाहावा, कारण लोकर फुलते, धाग्यांमधल्या फटी बुजतात आणि दोन रंगांची सरमिसळ वाढते.

रंग लावायचाच असेल तर

काळ्या-खैऱ्या लोकरीवर रंग बसत नाही. बसला तरी दिसत नाही. पांढरी लोकर स्वच्छ रंग घेते. आणि करडी? तिच्यावर चढवलेला रंग खोल आणि दबलेला येतो, तो पुष्कळांना पांढऱ्यावरच्या भडक रंगापेक्षा आवडतो. एकाच भांड्यात पांढरी आणि करडी लोकर एकत्र टाकली तर एका रंगाच्या दोन जुळत्या छटा एकाच खर्चात मिळतात.

शिरूर-दौंडच्या माणसाला यासाठी बाजारात जावे लागत नाही. कांद्याच्या चाळीत सालींचा ढीग असतो, डाळिंबाची फुटकी फळे बांधावर पडलेली असतात आणि दसऱ्यानंतर झेंडूला कुणी विचारत नाही. आधी लोकर धुऊन तेलकटपणा काढावा. मग 100 ग्रॅम कोरड्या लोकरीला 10 ते 15 ग्रॅम तुरटी गरम पाण्यात विरघळवून त्यात तासभर ठेवावे. डाळिंबाची साल लोकरीच्या वजनाइतकी घेऊन उकळून, गाळून, त्या पाण्यात लोकर मंद आचेवर तासभर राहू द्यावी. पिवळट रंग येतो. त्यात शेवटी चिमूटभर हिराकस, लोकरीच्या वजनाच्या 2 टक्क्यांच्या आत, टाकला की तोच रंग शेवाळी-करडा होतो. हिराकस वाढवण्याचा मोह आवरावा, कारण जादा लोहाने लोकर ठिसूळ होते. कांद्याच्या सालीचा सोनेरी-तांबूस रंग सुरेख येतो पण उन्हात लवकर उडतो, तेव्हा तो पडद्याला वापरू नये. झेंडू पिवळ्यासाठी चांगला. लाल आणि निळा मात्र विकतच घ्यावा लागतो: मंजिष्ठा आणि नीळ.

लोकरीचे पाणी खळखळून उकळू देऊ नये, ढवळाढवळ करू नये आणि गरम भांड्यातून काढून थंड पाण्यात तर मुळीच टाकू नये. ती आकसून नमदा होते. भांड्यातच निवू द्यावी. सुताला हीच कृती लावू नये; कापसाला तुरटीच्या आधी हिरड्याचे पाणी द्यावे लागते, नाहीतर रंग पहिल्या धुण्यातच निघून जातो.

इतकी सगळी रंगविद्या ज्या कच्च्या मालावर उभी आहे तो आता कमी होत चालला आहे. मेंढी मांसासाठी पाळली जाते, लोकरीच्या पैशातून कातरणीची मजुरीही सुटत नाही अशी धनगरांची तक्रार असते आणि कळपात माडग्याळसारख्या, लोकर कमी आणि वजन जास्त देणाऱ्या जातींचे रक्त वाढते आहे. पांढऱ्या-तांबड्या अंगाच्या मेंढ्या वाढल्या की काळी लोकर मिळवायला अधिक कळप पालथे घालावे लागतात. ज्याला हातमागासाठी स्थानिक लोकर हवी आहे त्याने कातरणीच्या आधीच वाड्यावर जाऊन सांगून ठेवावे आणि रंगवार वेगळी केलेली लोकर मागावी. वर्गवारीचे चार पैसे जास्त द्यावे लागतील. ते द्यावेत, मिसळलेला ढीग स्वस्तात आणून घरी निवडत बसण्यात दोन दिवस जातात आणि काळ्यातला खैरा तरीही निसटतोच.

तयार घोंगडी किंवा शाल धुताना कोमट पाणी आणि रिठा वापरावा, पिळू नये, टॉवेलमध्ये गुंडाळून दाबावी. वाळवायची ती सावलीत, आडवी पसरून. कसर लागू नये म्हणून वर्षातून एकदोनदा ऊन दाखवावे लागतेच, पण तेव्हा उलटी बाजू वर ठेवावी आणि दुपारच्या आत उचलावी. मेंढीच्या पाठीवर ज्या उन्हाने काळ्या लोकरीचे शेंडे तांबूस केले, ते कापडावरही तेच काम करते.